कागदावरची मराठी आणि पेठांचे शहर: सोलापूरच्या स्थानिक वृत्तपत्रांविषयी

मराठी वृत्तपत्रांचा इतिहास सांगण्याची एक ठरलेली वाट आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत काढलेल्या ‘दर्पण’पासून ती निघते, पुण्याच्या ‘ज्ञानप्रकाश’वरून (१८४९) ‘केसरी’पर्यंत (१८८१) येते आणि तेथे बराच काळ विसावते. अलीकडच्या अभ्यासकांनी या वाटेला दुसरी एक वाट जोडली. कृष्णराव भालेकरांचा ‘दीनबंधू’ (१८७७), पुढे बाबासाहेब आंबेडकरांचा ‘मूकनायक’ (१९२०) आणि ‘बहिष्कृत भारत’ (१९२७) हे तिचे टप्पे. ही जोड आवश्यकच होती. पण दोन्ही वाटा मुंबई आणि पुणे या दोन शहरांच्या दरम्यानच फिरतात, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी निघालेली पत्रे इतिहासात नावनिशीवार येतात आणि तेवढ्यावरच थांबतात. रा. के. लेले यांच्या ‘मराठी वृत्तपत्रांचा इतिहास’ (१९८४) सारख्या परिश्रमपूर्वक सिद्ध केलेल्या ग्रंथाने त्यांची दखल घेतली. वाङ्मयेतिहासकारांनी मात्र ती पुढे नेली नाही.

याचे कारण एका समीकरणात आहे. वाङ्मयेतिहासात वृत्तपत्र म्हणजे संपादक, संपादक म्हणजे अग्रलेख आणि अग्रलेख म्हणजे निबंध. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’ने गद्यशैलीची जी कसोटी घालून दिली, तिच्यावर जे उतरेल तेवढे वाङ्मय आणि बाकीची रद्दी. या कसोटीवर स्थानिक वृत्तपत्र नापास होणार हे उघडच आहे. त्याचा संपादक बहुधा मुद्रकही असतो आणि जाहिरातींची वसुलीही तोच करतो. त्याच्या गद्यात व्यक्तिमत्त्वाची खूण शोधू गेल्यास हाती साचेच लागतात. सोलापूरच्या वृत्तपत्रांचा विचार करताना नेमकी याच ठिकाणी कसोटी बदलावी लागते. येथे पहिला प्रश्न ‘काय लिहिले?’ हा नाही; ‘मराठीत का लिहिले?’ हा आहे.

पुण्याच्या बाबतीत हा प्रश्न कोणी विचारीत नाही. सोलापुरात तो विचारावाच लागतो. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६० मध्ये सोलापुरात पोहोचला आणि १८७७ मध्ये येथील पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढच्या गिरण्या उभ्या राहिल्यावर तिला ‘जुनी गिरणी’ हे नाव पडले. परंतु रेल्वे आणि गिरणी येण्यापूर्वीच या शहरात अनेक भाषा नांदत होत्या. ग्रामदैवत सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातील कन्नड वचनकार. संक्रांतीला त्यांच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक निघते आणि ‘गड्डा’ भरतो. व्यापारी पेठांतील लिंगायत घरांत कन्नड बोलली जाई, तर तेलंगणातून आलेल्या विणकरांनी शहराचा पूर्व भाग तेलुगू केला. भुईकोट किल्ल्याभोवती बहमनी आणि आदिलशाही काळापासून दखनी रुळलेली होती. कापड आणि सराफीच्या व्यवहारात गुजराती आणि मारवाडी होत्या. मराठी ही अर्थातच एका मोठ्या समूहाची मातृभाषा होती. त्याखेरीज ती कचेरीची, शाळेची आणि कोर्टाची भाषा होती, आणि या दुसऱ्या नात्याने ती सगळ्या पेठांत पोहोचत होती.

अशा शहरात मराठी वृत्तपत्र निघते तेव्हा ते आधीच अस्तित्वात असलेल्या एका भाषिक समाजाला आवाज देते, असे म्हणता येत नाही. असा समाज कागदावर प्रथम जुळवला जातो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापुरात निघालेले आणि पुढे ‘कल्पतरू आणि आनंदवृत्त’ या जोडनावाने ओळखले गेलेले साप्ताहिक हे या जुळवणीचे पहिले महत्त्वाचे साधन. त्याचा विचार करताना अभ्यासकाला साधनांच्या स्वरूपाकडे आधी पाहावे लागते. १८६७ च्या मुद्रणालये आणि ग्रंथनोंदणीविषयक कायद्याने प्रत्येक अंकावर मुद्रक-प्रकाशकाचे नाव छापणे आणि मॅजिस्ट्रेटपुढे प्रतिज्ञापत्र करणे बंधनकारक केले. याच सुमारास मुंबई सरकारने देशी पत्रांतील मजकुराचे साप्ताहिक इंग्रजी गोषवारे तयार करवून घेण्याची व्यवस्था सुरू केली. पुढे या व्यवस्थेतून पत्रांच्या याद्याही तयार होऊ लागल्या. त्यांत गाव, भाषा, खपाचा आकडा आणि संपादकाचे नाव यांच्याबरोबर त्याची जात आणि वयही नोंदलेले असे. जिल्ह्याच्या पत्रांचे मूळ अंक वाळवी, पूर आणि रद्दीवाला यांच्या तडाख्यात सापडले. गोषवारे मात्र सरकारी दप्तरखान्यात सुरक्षित राहिले. परिणामी ‘कल्पतरू’ आज वाचायचे म्हणजे बऱ्याच अंशी सरकारी भाषांतरकाराच्या डोळ्यांनी वाचायचे.

ही केवळ गैरसोय मानून चालणार नाही. गोषवारा काढणाऱ्याला पत्रात सरकारविषयी काय म्हटले आहे एवढ्यातच रस होता. म्हणून कर, दुष्काळ, अधिकाऱ्यांची वागणूक, अन्य प्रांतांतील खटले यांवरील मजकूर गोषवाऱ्यात येतो. मंगळवार पेठेतील आडाचे पाणी, यात्रेतील मानपानाचा तंटा, एखाद्या व्याख्यानाची सूचना हे गळून जाते. म्हणजे पत्राचे जे ‘स्थानिक’पण, तेच साधनांनी गाळून टाकलेले असते. हाती उरते ते एका राजकीय मताचे पत्र, पुण्याच्या पत्रांची थोडी फिकट प्रत. मग इतिहासकार म्हणतो की जिल्ह्याची पत्रे पुण्याच्या पत्रांची री ओढीत होती. ती ओढीत नव्हती असे नाही. पण हा निष्कर्ष पत्रावरून निघाला की चाळणीवरून, हे आधी तपासावयास हवे. १८७८ च्या देशी वृत्तपत्रांच्या कायद्यावर (तो १८८२ मध्ये रद्द झाला) आपल्याकडे भरपूर लिहिले गेले आहे. गोषवाऱ्यांच्या या शांत व्यवस्थेवर फारसे नाही. कायद्याने पत्रांचे तोंड काही वर्षे दाबले. गोषवाऱ्यांनी त्यांचा इतिहास कसा लिहिला जावा हे दीर्घकाळ ठरवले.

या चाळणीतून सुटलेले एक उदाहरण सोलापुरातच सापडते. हिराचंद नेमचंद दोशी यांनी १८८० च्या दशकाच्या मध्यास ‘जैन बोधक’ हे नियतकालिक येथे सुरू केले. उद्योगपती वालचंद हिराचंद यांचे ते वडील. शहरातील जुन्या वाचनालयाला त्यांचे नाव आहे. दोशी घराणे गुजरातेतून आलेल्या हुमड जैनांचे. घरची आणि पेढीची भाषा गुजराती. ज्या धर्मग्रंथांविषयी लिहावयाचे ते प्राकृत-संस्कृतात, आणि त्या काळी जैन समाजात धर्मग्रंथ छापावेत की नाहीत याविषयीच तीव्र मतभेद होते. हस्तलिखितांचे पावित्र्य यंत्रावर चढल्याने भ्रष्ट होते, ही भावना प्रबळ होती. अशा परिस्थितीत दोशींनी छपाईची बाजू घेतली आणि आपल्या पत्रासाठी मराठीचा स्वीकार केला.

ही निवड सोयीची होती हे खरेच. दक्षिण महाराष्ट्रातील जैन शेतकरी आणि व्यापारी यांना एकत्र बोलावण्यासाठी गुजराती उपयोगाची नव्हती. पण सोय ही संस्कृतीच्या इतिहासात कमी लेखण्याची गोष्ट नाही. घरात गुजराती, देवापुढे प्राकृत आणि छापील पानावर मराठी अशी ही रचना आहे. तीत मराठी मातृभाषाही नाही आणि धर्मभाषाही नाही. चार परक्यांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून घेतलेली ती मधली जागा आहे. सोलापूरच्या पुढच्या पत्रांना ही मधली जागा पुन्हा पुन्हा उपयोगी पडली.

तिचे सर्वांत लखलखीत उदाहरण १९३० च्या सुमारास दिसते. त्या वर्षीच्या घटना ठाऊक आहेत, पण वृत्तपत्रांच्या बाजूने त्या क्वचितच पाहिल्या गेल्या. २७ एप्रिल १९३० रोजी सरकारने मुद्रणालयांविषयीचा वटहुकूम काढला. ४ मेच्या मध्यरात्रीनंतर गांधीजींना अटक झाली आणि ती बातमी पोहोचताच सोलापुरात हरताळ, मिरवणुका सुरू झाल्या. ८ मे रोजी शिंदीची झाडे तोडण्यावरून पोलीस आणि जमाव यांत संघर्ष होऊन गोळीबार झाला. त्यात शंकर शिवदारे हा तरुण मारला गेला. चौक्या आणि न्यायालयाची इमारत जाळली गेली. काही दिवस शहरात सरकारचा अंमलच उरला नव्हता. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला आणि तो ३० जूनपर्यंत चालला. मंगळवार पेठ चौकीतील पोलिसांच्या मृत्यूबद्दल मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी देण्यात आले.

या चार नावांत शहराच्या पेठा दिसतात, हे अनेकांनी म्हटले आहे. त्यात भर घालावी अशी गोष्ट वेगळीच आहे. मार्शल लॉच्या तडाख्यात सापडलेल्यांमध्ये दोन संपादक होते. एक ‘कर्मयोगी’ या पत्राचे रामभाऊ राजवाडे. त्यांना कारावासाची शिक्षा झाली. दुसरा कुर्बान हुसेन. गिरणी कामगारांत वावरणारा हा विशीतला तरुण ‘गझनफर’ नावाचे मराठी पत्र चालवीत होता.

‘गझनफर’ या नावापाशी थोडे थांबावयास हवे. हा अरबी शब्द. उर्दूतून तो दखनी बोलणाऱ्यांच्या ओळखीचा. अर्थ सिंह. म्हणजे शब्दार्थाने ‘गझनफर’ आणि ‘केसरी’ एकच. हे नाव ठेवताना पुण्याचे पत्र मनात होते की नव्हते, याला येथे महत्त्व नाही. महत्त्व आहे ते नाव आणि मजकूर यांच्यातील नात्याला. पत्राच्या शिरोभागी अरबी शब्द देवनागरीत, खाली मजकूर मराठीत, आणि हे पत्र जिथे विकले जाणार त्या गिरणीच्या दारात पाळी सुटल्यावर तेलुगू, कन्नड, दखनी आणि मराठी बोलणारे मजूर एकत्र बाहेर पडणार. संस्कृत परंपरेतून आलेला सिंह आणि अरबी परंपरेतून आलेला सिंह असे दोन्ही सिंह मराठी गद्याच्या पोटात मावू शकतात, ही गोष्ट या शहरात एका कोवळ्या संपादकाने कृतीने दाखवून दिली. त्यासाठी त्याला मराठीचे स्वरूप बदलावे लागले नाही. फक्त मराठीवर कोणाची मालकी आहे, याविषयीची समजूत त्याने मान्य केली नाही.

कुर्बान हुसेन आज हुतात्मा म्हणून परिचित आहे. सोलापुरात चौघांचे पुतळे आहेत आणि १२ जानेवारीला त्यांना हार घातले जातात. मराठी पत्रकारितेच्या इतिहासात मात्र त्याला फार तर एखादी ओळ मिळते. हा त्याच्यावरील अन्यायापेक्षा आपल्या इतिहासदृष्टीचा दोष आहे. ज्या समीकरणाचा आरंभी उल्लेख केला, त्यात तो बसत नाही. तो निबंधकार नाही, शैलीकार नाही. त्याच्या नावावर ग्रंथ नाही. शिवाय ‘मुसलमान मराठी’ या विषयाचा विचार आपल्याकडे दीर्घकाळ संतकवी आणि शाहीर यांच्यापुरता झाला. मुसलमान संपादक या कल्पनेला त्यात घरच नव्हते. एखाद्या माणसाला फाशी झाली की तो काय लिहीत होता हे विचारणे अप्रस्तुत वाटू लागते, हेही आहेच.

आता थोडे तत्त्वचर्चेकडे वळता येईल. बेनेडिक्ट अँडरसन यांनी ‘इमॅजिन्ड कम्युनिटीज’ (१९८३) या ग्रंथात वृत्तपत्रवाचन हा आधुनिक समाजाचा एक सामूहिक विधी मानला. एकमेकांना न पाहिलेली हजारो माणसे एकाच सकाळी एकच पान वाचतात आणि या एककालिकतेतून राष्ट्र कल्पिले जाते, असे त्यांचे सूत्र. मुंबईहून लोहमार्गाने सुमारे साडेचारशे किलोमीटर दूर असलेल्या गावाला हे सूत्र जसेच्या तसे लावता येत नाही. राजधानीची पत्रे येथे ‘डाक आवृत्ती’च्या रूपाने पोहोचत. त्या आवृत्तीचा मजकूर लवकर बंद केलेला असे. म्हणजे राजधानी जो दिवस जगली, तो सोलापूरच्या वाचकाच्या हाती पडताना शिळा झालेला असे, आणि आपण शिळे वाचतो आहोत ही जाणीव त्या वाचनातच असे. मुंबई-पुण्याच्या पत्रांनी सोलापूरला राष्ट्राशी जोडले, पण एक दिवस उशिराने. ‘आज’ची बातमी फक्त गावचे पत्र देऊ शके. नळाला पाणी कधी, गिरणीत टाळेबंदी उठली की नाही, कापसाचा भाव काय, ही एककालिकता पेठांपुरती असली तरी वास्तव होती. राष्ट्र कल्पावे लागते. शेजारच्या पेठेला नुसते ओळखले तरी पुरते, आणि कित्येकदा तेच अधिक अवघड असते.

युर्गन हाबरमास यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या सार्वजनिक क्षेत्राच्या उपपत्तीलाही येथे एक मुरड घालावी लागते. त्यांच्या युरोपीय बूर्झ्वाची वैयक्तिकता पत्रे, रोजनिश्या आणि कादंबऱ्या यांच्या वाचनाने घडली आणि तेच मन घेऊन तो चर्चेच्या चौकात आला. घर आणि चौक यांच्यामध्ये उंबरठा होता, पण भाषा एकच होती. साखर पेठेतील विणकर किंवा बाळीवेशीतील व्यापारी उंबरठा ओलांडताना भाषा बदलतो. त्याचे रागावणे, रडणे, अंगाई, देव हे सारे एका भाषेत; नगरपालिकेकडे केलेला अर्ज आणि वृत्तपत्राकडे पाठवलेले पत्र दुसऱ्या भाषेत. पश्चिम भारतातील भाषिक राजकारण आणि सार्वजनिक क्षेत्र यांचा वीणा नरेगल यांनी केलेला अभ्यास (२००१) प्रामुख्याने इंग्रजी आणि मराठी यांच्या उतरंडीचा आहे. सोलापुरात या उतरंडीखाली आणखी एक पायरी आहे. इंग्रजीपुढे दबणारी मराठी तेथे कन्नड-तेलुगूच्या वर उभी असते.

स्थानिक पत्राच्या गद्यातील साचा याच संदर्भात पाहिला पाहिजे. स्थानिक वृत्तपत्र उघडले की अग्रलेखाहून अधिक जागा व्यापलेली असते ती निरनिराळ्या छोट्या गद्यप्रकारांनी: सभेचे वृत्त, संस्थेचे निवेदन, वाचकाची तक्रार, वकिलाची जाहीर नोटीस, निधनवार्ता, आभार, ‘हरवले आहे’. यांपैकी बहुतेकांचा लेखक पत्राचा नोकर नसतोच. मंडळाचा चिटणीस, शाळामास्तर, मृताचा पुतण्या, पेठेतला एखादा लिहिता माणूस यांनी तो मजकूर आणून दिलेला असतो. त्या मजकुराला ठराविक वाक्ये असतात आणि ती वाक्ये सगळे वापरतात. समीक्षकाला हा गद्याचा मृत्यू वाटतो. पण क्षणभर त्या पुतण्याच्या जागी उभे राहून पाहावे. त्याला मराठी निबंध लिहिता येणार नाही. चुलत्याच्या मृत्यूचे दुःख त्याच्या मनात तेलुगूत आहे. त्या दुःखाला शहराने ओळखावे, एवढीच त्याची गरज आहे. निधनवार्तेचा साचा ही गरज भागवतो. प्रतिभावंताची शैली त्याच्याबरोबर संपते. साचा मात्र कोणालाही उसना घेता येतो आणि वापरून परत ठेवता येतो. सोलापूरसारख्या शहरात मराठी ‘सर्वांची’ झाली ती शैलीमुळे नव्हे, साच्यामुळे. चिपळूणकरी गद्य शिकायला एक जन्म आणि बहुधा एक विशिष्ट जन्म लागत असे. ‘यांच्या पश्चात’ हे दोन शब्द शिकायला दोन अंक पुरतात.

याची किंमतही मोजावी लागली आहे. साचा ज्याला दार उघडतो, त्याला त्याच दाराच्या मापाने वाकावे लागते. हजारो बायका येथे विड्या वळत आल्या आणि अनेक घरांचा खर्च त्यांच्या सुपावर चालत आला. संपाच्या बातमीत त्या ‘कामगार महिला’ असतात. निधनवार्तेत त्या ‘पत्नी’ आणि ‘परिवार’ होतात. त्यांचे काम हे त्यांच्या मृत्यूच्या वार्तेत क्वचितच येते. चौकातल्या मराठीतला तो सुप्रसिद्ध ‘बे’ पत्राच्या पानावर फार तर विनोदी सदरात दिसतो. कन्नड आणि तेलुगू तर आडनावांपुरत्या आणि देवळांच्या नावांपुरत्या उरतात. मिखाईल बाख्तिन ज्याला बहुस्वरता म्हणतो ती शहरात मुबलक होती, पत्रात नव्हती. पत्राने सगळ्या पेठांना बोलावले आणि आत आल्यावर सर्वांना एकाच आवाजात बोलावयास लावले. ‘कागदावरची मराठी’ असे तिला म्हणता येईल. ती कोणाचीच बोली नव्हती. म्हणूनच ती सगळ्यांना चालली, आणि तिच्यातून मोठे वाङ्मय निर्माण झाले नाही याचेही कारण बहुधा हेच असावे.

या शहरात वाङ्मय निर्माण झाले नाही, असा याचा अर्थ नव्हे. १९४१ च्या मराठी साहित्य संमेलनासाठी वि. स. खांडेकर अध्यक्ष म्हणून सोलापुरात आले. २००६ मध्ये येथेच मारुती चितमपल्ली अध्यक्ष झाले, आणि ते तर जन्माने सोलापूरचेच. कवी संजीव, दत्ता हलसगीकर, निर्मलकुमार फडकुले ही नावे सर्वपरिचित आहेत. परंतु वृत्तपत्राच्या प्रश्नाला सर्वांत जवळून भिडणारे लेखक त्र्यं. वि. सरदेशमुख. त्यांच्या ‘डांगोरा एका नगरीचा’ या कादंबरीला २००३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. या शीर्षकातील ‘डांगोरा’ हा शब्द विचार करण्याजोगा आहे. डांगोरा पिटणारा चौकाचौकांत उभा राहून सत्तेचा हुकूम सांगतो. त्याला उलट प्रश्न विचारता येत नाही. वृत्तपत्र त्याच चौकांत आले, पण त्यात ‘वाचकांचा पत्रव्यवहार’ होता. हुकूम ऐकणाऱ्या माणसाला सही करून तक्रार करता येऊ लागली, हा फरक लहान नाही. आणि तरीही स्थानिक पत्राच्या भाषेत डांगोऱ्याचा सूर कधी पूर्णपणे विरला नाही. ‘सर्व संबंधितांस कळविण्यात येते की’ हे वाक्य अजून कानावर पडते तेव्हा त्यामागे हलगी वाजत असते.

स्वातंत्र्योत्तर काळाचा विचार येथे त्रोटकच करता येईल. ‘सोलापूर समाचार’ने दैनिक वाचनाची सवय रुजवली. रंगाअण्णा वैद्य यांच्या ‘संचार’ने तिला पुढे एक लढाऊ वळण दिले आणि संपादक ही शहरातील एक सार्वजनिक व्यक्ती झाली. पुढे राज्यपातळीवरच्या वृत्तपत्रसमूहांच्या सोलापूर आवृत्त्या निघाल्या. त्यांच्यामुळे डाक आवृत्तीचा उशीर संपला. राजधानी आणि जिल्हा यांची सकाळ अखेर एक झाली. पण तिच्याबरोबर पानांची नवी वाटणीही आली. मुख्य अंक एका छापाचा आणि गावाच्या बातम्या ‘हॅलो’सारख्या पुरवणीत, अशी व्यवस्था रूढ झाली. पूर्वी गावच्या पत्रात जगाची बातमी एका कोपऱ्यात येई. आता जगाच्या पत्रात गाव पुरवणीत आले. नगरपालिका आणि व्हाइसरॉय हे दोघे एकाच पानावर शेजारी शेजारी असण्यात जी एक उद्धट समानता होती, ती या वाटणीत हरवली.

शहराचा नकाशा मात्र अजून वृत्तपत्राच्याच शब्दांत बोलतो. १९९२ मध्ये महानगरपालिकेची हद्द वाढवून भोवतालची गावे आत घेतली गेली. तो भाग ‘हद्दवाढ भाग’ म्हणून बातम्यांत येऊ लागला आणि आज तेथील रहिवासी स्वतःचा पत्ताही त्याच शब्दाने सांगतात. ‘पूर्व भाग’ हा शब्दही असाच. दिशेचे नाव असूनही त्याचा अर्थ भाषा, व्यवसाय आणि वस्ती असा तिहेरी आहे, आणि हे तिन्ही अर्थ उघड न सांगता सांगण्याची सोय त्यात आहे. प्रशासकीय किंवा बातमीतला शब्द माणसाच्या तोंडी बसावा आणि त्याचे मूळ विसरले जावे, ही कागदावरच्या मराठीची खरी पोहोच. एक-एक गिरणी बंद पडत गेली, जुनी गिरणी तर १९६० च्या दशकातच. भोंगे थांबले, पण पत्त्यांत गिरण्या उरल्या आहेत.

या साऱ्याला समांतर असा एक प्रवास उलट दिशेने झाला आणि तो या विषयाच्या कक्षेत आणणे अगत्याचे आहे. जयदेवीताई लिगाडे यांचा जन्म १९१२ मध्ये सोलापुरात एका लिंगायत घरात झाला. शाळा मराठी. छापील अक्षराशी त्यांची पहिली ओळख झाली ती मराठीतून, शहरातल्या इतर सर्वांसारखीच. कन्नड लिहावयास त्या स्वतःच्या प्रयत्नाने शिकल्या, सिद्धरामेश्वरांवर त्यांनी कन्नडात दीर्घ काव्य रचले आणि १९७४ मध्ये मंड्य येथील कन्नड साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. त्या संमेलनाच्या इतिहासातील पहिल्या महिला अध्यक्ष त्याच. काव्यासाठी त्या कागदावरच्या मराठीतून घरच्या भाषेकडे परत गेल्या. बसवेश्वरांची वचने मात्र त्यांनी मराठीत आणली, कारण सोलापुरात ती सर्वांना वाचावयाची असतील तर दुसरी भाषा नव्हती.